टॉवेल-टोपी

सत्काराचं ताट पुढे आलं तसा जालिंदरने त्यातला टॉवेल उचलून बाजूला ठेवला.

"आदिनाथ, टोपी घाल, नारळ दे. टॉवेल नको."

आदिनाथ गालात हसला. मंडळाचा अध्यक्ष झाला तरी तो वाढला याच गल्लीत. लग्न असो नाहीतर बारसं, जालिंदर आहेरातली टोपी ठेवून घ्यायचा आणि टॉवेल परत करायचा, हे सगळ्यांना पाठ होतं. गड्याचा जन्म टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालण्यात गेलेला. पाहुणा खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला तरी याच्या कपाळाला आठी पडायची. म्हणून तर आदिनाथने चांगली जरीकाठाची शाल आणून ठेवली होती.

आज तर टॉवेलचं तोंडही बघायचं नव्हतं. त्याची एकुलती एक लेक चैताली अमेरिकेत पुढचं शिकायला गेली होती, आणि पंधरा दिवसांपूर्वी फोनवर म्हणाली होती, "पप्पा, मला कॅम्पसवर जॉब मिळाला." झालं! कॅम्पस म्हणजे काय, हे सोलापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. कॉलेजात कंपनी येते, पोरं निवडते आणि निवडलेल्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर झळकतात. म्हणजे शिक्षण संपायच्या आतच कंपनीने लेकीला उचललं की! जालिंदरने पुढे एक अक्षर विचारलं नाही. पेढे वाटले. आदिनाथने फ्लेक्स लावला. आणि आज समाजमंदिरात सगळी गल्ली येऊन बसली होती.

लेकीच्या बाबतीत त्याने जन्मभर एकच हट्ट धरला होता. ती लहान असताना तो कारखान्यातले टॉवेल घरी आणून घड्या घालत बसायचा. एकदा ती शेजारी येऊन बसली आणि एक टॉवेल ओढून घडी घालायला लागली. त्याने तिच्या हातावर चापट मारली. चांगली जोरात. "हे शिकू नको. हे आलं की दुसरं काय येत न्हाय." पोर रडली नाही. नुसती बघत बसली. पुढेही रोज येऊन बघायची, पण हात कधी लावला नाही.

आदिनाथने फोन मोठ्या टीव्हीला जोडला होता. पडद्यावर चैताली आली. तिकडे सकाळ होती, आणि तिच्यामागे फळ्यांवर काहीतरी पांढरं रचून ठेवलं होतं.

"चैते, बघ गं, सगळी आल्यात," तिची आई वैजयंती म्हणाली.

आदिनाथने माइक हातात घेतला. "आपल्या गल्लीची कन्या, कॅम्पसमध्ये निवड झाल्याबद्दल..."

"काका, थांबा," चैताली म्हणाली. "कॅम्पसमध्ये निवड न्हाय झाली माझी. कॅम्पसवर काम मिळालंय. शिकता शिकता करायचं. आमाला हितं कॉलेजच्या आवारातच काम करता येतं, बाहेर चालत न्हाय."

"कसलं काम?" आदिनाथने विचारलं.

तिने बापाकडे बघितलं. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं.

"जिममध्ये. पोरांना टॉवेल द्यायचे. वापरलेले धुवायचे, घड्या घालून ठेवायचे."

मागून अण्णाराव, कारखान्यातलाच जुना गडी, म्हणाला, "सोलापुरात काय टॉवेल कमी पडले व्हय?" दोघं-तिघं हसले. वैजयंतीने पदर तोंडाला लावला.

जालिंदरची मान खाली गेली. त्याला लाज वाटली, पण लेकीची नाही, स्वतःची. जे घरातून घालवायचं म्हणून हाडाची काडं केली, ते लेकीच्या आधीच साता समुद्रापार जाऊन बसलं होतं.

"बंद कर ते," तो आदिनाथला म्हणाला.

"पप्पा, बंद नका करू. एकदा बघा तरी."

तिने फोन कशाला तरी टेकवला आणि मागचा एक टॉवेल ओढला. दोन्ही काठ आत घेतले, तीनदा दुमडला आणि शेवटी वरून पालथ्या हाताची एक थाप मारली.

जालिंदरने मान वर केली. पालथ्या हाताची थाप आख्ख्या कारखान्यात कुणी मारत नव्हतं. ती त्याची एकट्याची सवय होती. आत्ता मांडीवर त्याचाही हात आपसूक पालथा झाला होता.

"ही घडी तुला कुणी शिकवली?"

"तुमीच की. शिकू नको म्हणत होता तवाच." ती हसली, पण डोळे भरले होते. "या कामाला लई पोरं आली होती, पप्पा. सगळ्यांना टॉवेल दिले, घाला म्हणले घड्या. मला तितंच ठेवून घेतलं. आता सगळी अशीच घालत्यात. या घडीला हितं 'सोलापूर' म्हणतात."

आता कुणी हसलं नाही. अण्णारावही नाही.

"तुमी म्हणायचा, हे आलं की दुसरं काय येत न्हाय," चैताली म्हणाली. "मला हे येतंय, म्हणून दुसरं शिकता येतंय."

जालिंदर उठून उभा राहिला. आदिनाथ शाल उलगडून घोटाळत होता, घालावी की न घालावी त्याला कळेना. शेवटी त्याने ती खांद्यावर टाकायला हात वर केले. जालिंदरने ते मधेच धरले.

"शाल राहू दे, आदिनाथ," तो म्हणाला. "टॉवेल आण."