जन्म कुठल्या देशात?

“जन्म कुठल्या देशात झाला?” कोपनहेगनहून बदलून आलेल्या तपासनीस बाईंनी विचारलं.

“जर्मनीत,” आस्मुस म्हणाला.

“गाव?”

“हेच की. सोनरबोर्ग.”

“मग डेन्मार्कात कधी राहायला आलात?”

“आलो कशाला? इथंच होतो. याच घरात.”

बाईंची भुवई वर गेली. त्यांनी कागदावर एक फुली मारली. शेजारी बसलेली त्याची लेक मेथा मान लांबवून त्या फुलीकडे बघू लागली. बाप चौऱ्याऐंशीचा, सारी हयात खाडीकाठच्या वीटभट्टीवर गेलेली. आज ‘भ्रमिष्ट’ असा शिक्का बसला की नगरपालिका त्याला वृद्धाश्रमात टाकणार. तिथं गेलेलं माणूस पुढे कुठं जातं, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

“बरं आजोबा,” बाई लहान मुलाशी बोलावं तशा बोलू लागल्या, “तिकडे टेकडीवर पवनचक्की दिसते ना? कधीपासून आहे ती?”

“कुठली? जळाली ती, का आत्ताची?”

“एकच तर दिसतेय.”

“आत्ताची एकच आहे. जळाल्या मात्र बऱ्याच.”

दुसरी फुली.

“वडील काय करायचे?”

“कैसरच्या फौजेत मेले.”

“म्हणजे... डेन्मार्कविरुद्ध लढले?”

“फ्रान्सात मेले हो! डेन्मार्क त्या युद्धात होता तरी कुठं?”

बाईंची पेन्सिल तिसऱ्यांदा खाली आली आणि मेथाचा बांध फुटला.

“खोडा त्या फुल्या! माणूस जागचा हलला नाही, देशच येत-जात राहिला. चक्कीही खरंच जळाली आणि पुन्हा बांधली. बाबा आठ वर्षांचे होते तेव्हा हा मुलूख कुणाचा यावर मतदान झालं. झोपले जर्मनीत, उठले डेन्मार्कात! आधी डॅनिश बोलले म्हणून मास्तरांची छडी, मग जर्मन शब्द तोंडातून गेला म्हणून पोरांचा मार. आमच्या विटांनी तुमच्या राजधानीतली घरं बांधलीत, आणि तुम्हाला आम्ही वेडे वाटतो?”

बाईंचा चेहरा लाल झाला. “शाळेत शिकवलं होतं हे. विसरलेच मी.”

“विसरलात? मग तुमच्या नावापुढेही मारू का एक फुली?”

बाईंनी रबर काढलं. तिन्ही फुल्या खोडल्या. “राहू द्या त्यांना घरीच,” म्हणाल्या आणि कॉफीही न घेता निघून गेल्या.

“हरवलं की नाही बाबा, कोपनहेगनला?” मेथा हसत म्हणाली. आस्मुसही हसला. पोटभर हसला. तिनं त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी सारखी केली, कोट चढवला. दुपारची पाळी चुकवून चालणार नव्हतं.

“मॉइन!” तिनं दारातून हाक दिली.

त्या मुलखात येतानाही मॉइन आणि जातानाही मॉइन. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं.

आस्मुस लगबगीनं उठला. घोंगडी जमिनीवर पडली. त्यानं टेबलाखालची खुर्ची ओढली आणि बाहीनं पुसली.

“मॉइन, मॉइन! या ना, बसा,” तो तिला म्हणाला. “मेथा येईलच इतक्यात कामावरून.”