सहा वारांत दोघी

"एकाच घडीत दोघी?" अल्हाजा सिदिकातने कापडाची घडी फळीवर आपटली. "पोरी, तुझ्या आईकडे एकदा नीट बघून घे. नुसती मागची बाजू झाकायलाच चार वार जातील."

बलोगुन बाजाराच्या त्या गल्लीतल्या सगळ्या कापडवाल्या खिदळल्या. अरिकेची आईही हसली. नाक्यावर चवळीचे अकारा तळता तळता तिने याहून तिखट ऐकलं होतं, आणि ऐकवलंही होतं.

"माझ्या वेळी देवाने हात आखडता घेतला नाही, त्याला मी काय करू?" ती म्हणाली. "तू आपला भाव सांग."

भाव ठरला. तोही सुखासुखी नाही. अल्हाजाने दोनदा "जा बाई, दुसरीकडे जा" म्हणून हाकललं आणि दोनदा स्वतःच परत बोलावलं. घडी मात्र फोडून मिळणार नव्हती. सहा वार म्हणजे सहा वार, घ्यायची तर अख्खी. कापड सुती, स्वस्तातलंच, पण बघत राहावं असं. गर्द निळ्यावर पिवळे पक्षी, सगळेच्या सगळे वर उडणारे.

शनिवारी अरिकेचं फ्रीडम होतं. शिवण शिकायला ठेवलेली मुलगी तयार झाली की तिची मॅडम तिला चारचौघांत गुडघ्यांवर बसवते, डोक्यावर हात ठेवते आणि तिच्या हाती तिची स्वतःची कात्री देते. मग मुलगी मोकळी, आपलं दुकान थाटायला. त्या दिवशी मायलेकींनी एका कापडात उभं राहायचं असतं. आई वेगळ्या कापडात आली तर लोक बोलत काही नाहीत, नुसते बघतात. ते बघणं अरिकेच्या आईला मुळीच नको होतं. लेक तिच्या एकटीच्या हिमतीवर वाढलेली. शनिवारी तिला ताठ मानेने लेकीशेजारी उभं राहायचं होतं.

तिच्या नेसणाच्या एका गाठीत या घडीचे पैसे होते, दुसऱ्या गाठीत पाहुण्यांच्या तांदळाचे. तिचा हात दुसऱ्या गाठीकडे गेला.

"आई, ती गाठ सोडू नकोस," अरिके म्हणाली. "शनिवारी पाहुण्यांना काय, हे छापील पक्षी वाढणार आहेस? एका घडीत होतं दोघींचं."

"होईल की," अल्हाजा म्हणाली. "कापड उलटसुलट फिरवून वाचवशील. मग आईच्या पाठीवर पक्षी टांगलेल्या कोंबड्यांसारखे खाली डोकं करून लटकतील. चालेल?"

गल्ली पुन्हा हसली. या वेळी अरिकेची आई हसली नाही.

अरिके खाली वाकली आणि बोटाने कापडावर रेघा ओढत गेली. "आईचं नेसण इथून सरळ. ब्लाउजची पुढची-पाठची बाजू इथे. माझा स्कर्ट घट्ट बसणारा, त्याला थोडंच लागतं. राहिल्या आईच्या बाह्या. त्या आडव्या काढते. पाठीवरचे पक्षी वर जातील, बाह्यांवरचे हातांकडे."

अरिकेच्या आईला त्यातलं निम्मंच कळलं, पण तिचा ऊर भरून आला. ही आपली पोर, जी परवापरवापर्यंत सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायची.

तेवढ्यात एक उंच बाई हातात कापडाचा तुकडा घेऊन आली. तिने तो निळ्यावर धरून बघितला, रंग जुळला, आणि ती म्हणाली, "दे गं एक. सकाळपासून हाच शोधतेय."

"दोनच उरल्यात," अल्हाजा म्हणाली. "एक या दोघींची झाली. दुसरीचं यांचं ठरत नाहीये. काय गं, घेतेस की देऊ हिला? मागाहून रडत आलीस तर या बाजारात मिळायची नाही."

"अल्हाजा, मला तुमची कात्री द्या," अरिके म्हणाली. "इथेच कापते. फसलं, तर आई दुसरी घडी घेईल."

"अजून शनिवार उजाडला नाही. मॅडमने हात ठेवायच्या आधीच भर बाजारात कात्री चालवणार? आणि कापलेलं मी परत घेत नाही, सांगून ठेवते."

"परत द्यायचंच नाहीये."

अल्हाजाने कात्री दिली. चांगली जड, काळ्या मुठीची. अरिकेने गुडघे टेकले, फळीवर कापड सारखं केलं, वितीने दोनदा मापलं. आजूबाजूची घासाघीस थांबली. शेजारणी माना उंचावून बघायला लागल्या. कात्री उघडली आणि तशीच राहिली. अरिकेच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिने नजर वर केली, पण आईकडे नाही. दुसरी घडी अजून जागेवर आहे ना, तेवढं तिने बघितलं.

आईने ती नजर बरोबर ओळखली. ती पुढे झाली, दुसरी घडी उचलली आणि त्या उंच बाईच्या हातात ठेवली.

"ने बाई. आम्हाला नकोय."

"अगं, आधी कापू तर दे तिला," अल्हाजा म्हणाली. "पुरतंय की नाही ते बघ, मग दे."

"पुरतं म्हणालीय ना ती," अरिकेची आई म्हणाली. "मग झालं."

कात्री अजून कापडाला लागायची होती.