लख्ख टाकी

चर्चच्या दारातल्या काचेच्या टाकीतले निळे म्बुना मासे दाखवत उपदेशक वेडसन रविवारी गाऊन म्हणाले, “मन असं नितळ ठेवा, घासून लख्ख करा!” मग त्याच जोशात त्यांनी टाकीतले दगड आणि पाणी गाळणारा स्पंज नळाखाली खसाखसा घासले.

बुधवारी पाणी पेजेसारखं पांढरं झालं. मासे वर येऊन धापा टाकू लागले.

“अहो लुसुंगूचे बाबा,” मलावी सरोवरातलं पाणी आणि शेवाळलेले दगड टाकीत सोडत त्यांची बायको एसनाती म्हणाली, “स्पंजाच्या बुळबुळीतले बारीक जीवच पाणी निर्मळ राखत होते. आणि दगडांवरचं शेवाळ तर माशांचं जेवण! तुम्ही जेवणासकट ताट घासलंत.”

मासे तगले.

पुढच्या रविवारी वेडसननी तोच सूर लावला, “बंधूंनो, मन घासा... पण जरा बेतानं. मी घासून पाहिलंय.”