आधी कोणाला

साखळी पायात अडकली आणि आई कुत्र्यासकट जिन्यावरून घसरत खाली आली. मुलाने दोघांना उचलून घरात आणलं. तेव्हापासून फौजदार पुढचा पाय वर धरून केकाटत होता आणि मुलगा येरझाऱ्या घालत होता.

"डॉक्टरकडे नेऊ का याला?"

आई निवृत्त नर्स. खुर्चीत बसूनच तिने तपासणी चालवली. "हिरड्या गुलाबी आहेत? पाय सुजलाय? दाबला की चावायला येतो?"

"हात चाटतोय."

"मग संध्याकाळपर्यंत वाट बघ. नाटकी आहे, तुझ्यासारखा."

"अगं, किती ओरडतोय."

"ओरडू दे. वॉर्डात ओरडणाऱ्याला आम्ही थांबायला सांगायचो. धावायचो ते गप्प पडलेल्याकडे."

फौजदाराने हळूच पाय टेकवला आणि लंगडत तिच्या खुर्चीपाशी येऊन बसला. त्याला थोपटायला आई वाकली, पण अर्ध्यातच थांबली.

मुलाच्या येरझाऱ्याही थांबल्या. खुर्चीत बसवल्यापासून आई एकदाही उठली नव्हती.

"आई, जरा उभी राहून दाखव."

"माझं राहू दे," खुर्चीचे हात घट्ट धरत ती म्हणाली, "आधी त्याला घेऊन जा."