बिनमिशीचा बडग्या

बकऱ्याच्या केसांची भली जाड मिशी हातात घेऊन श्रीधर बडग्यासमोर उभा होता, आणि त्याची बायको जयवंता त्याला ती चिकटवू देत नव्हती.

तान्ह्या पोळ्याची सकाळ. गावची पीडा घालवणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघायची वेळ झाली होती, ढोल ऐकू येऊ लागले होते. इतवारीतली ती गल्ली दरसाल आपला बडग्या काढायची. बांबूचा सांगाडा, तणसाचं पोट, वर कागदाच्या लगद्याचं तोंड. वर्षभराची पीडा त्याच्या अंगावर लादायची, वाजतगाजत फिरवायचं आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. यंदाची पीडा महागाई, यावर वाद नव्हता. रेशनची ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन सगळ्यांचीच पोटं बिघडली होती. बडग्याचं तोंड दरसाल गल्लीतला गोविंदा करायचा. पण त्याचा हात मोडला, आणि जयवंता रांगोळी बरी काढते म्हणून काम तिच्याकडे आलं. ढेरपोट्या व्यापारी कर, दात काढून हसणारा, एवढंच तिला सांगितलं होतं.

तिनं केली बाई.

आता बडग्या म्हणजे बाप्या, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि बाई तरी कशी! डोळे लालभडक, सुजलेले. नाकपुड्या फुललेल्या. जबडा असा वासलेला की पडजीभ दिसावी. असं तोंड उघडणारी बाई गल्लीत एकच होती, श्रीधरची आई तुळसाबाई. लोक तोंडाला पदर आणि रुमाल लावून हसत होते. श्रीधर मात्र पुरता गोंधळला होता.

कारण जयवंता म्हणजे गरीब गाय. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूनं बोलायचं आणि हिनं ऐकायचं. शेजारच्या कुसुमताईंना तिचा आवाजसुद्धा धड माहीत नव्हता. उन्हाळ्यात रामटेकला तिची आई गेली. तिसऱ्या दिवशी तुळसाबाईनं निरोप धाडून बोलावून घेतलं, घरी पापडाचं पीठ भिजवलेलं होतं. ही आली आणि लाटायला बसली. डोळ्यांत टिपूस नाही. सून आमची समजदार, म्हणून सासू त्याचंही कौतुक सांगत फिरली.

बडग्याच्या तोंडाला लागणारे जुने पेपरही हिला घरून मिळाले नाहीत. तुळसाबाईची रद्दी ती रद्दीवाल्याची. चूल पेटवायला पान मिळायचं नाही. पेपर गोविंदाच्या घरून आणावे लागले.

श्रीधर हलक्या आवाजात विनवत होता. मिशी लागली की व्यापारी होईल, आईला काही कळणार नाही. नाही लागली तर आई आजच्या आज हिला रामटेकच्या गाडीत बसवेल. आणि रामटेकला आता होतं कोण? जयवंतालाही ते कळत होतं. तरी ती बडग्यासमोरून हटली नाही.

तेवढ्यात घरची पीडा बडग्याला बांधायची म्हणून जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन तुळसाबाई आली. लोक बाजूला झाले. तिनं वर पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"हे कोण होय?"

महागाई आहे, फक्त मिशी राहिली, असं श्रीधर घाईघाईनं सांगू लागला. तुळसाबाईनं त्याच्याकडे मान वळवली नाही. ती सुनेकडे पाहत होती.

"मी होय, आत्याबाई," जयवंता म्हणाली. "तुम्ही बोलता तवा मी आतून अशी राहतो. पापड लाटत होतो तवाबी अशीच होतो."

कोणी हसेना. कुसुमताईंनी तर तोंडावरचा पदर काढला. तुळसाबाई पुढं झाली आणि तिनं त्या सुजलेल्या कागदी डोळ्यावर बोट ठेवलं. रंग ओला होता, बोटाला लाल लागला.

"इतकी रडली तू?"

"नाही रडलो," जयवंता म्हणाली, आणि तिथंच तिला रडू फुटलं. सगळ्या गल्लीसमोर, जबडा वासून, आईच्या नावानं हाका घालत ती रडली. मग ते तोंड कोणाचं हे कोणाला विचारावं लागलं नाही. बडग्याचं आणि तिचं, दोन्ही शेजारी शेजारीच होती.

तुळसाबाईनं तिला रडू दिलं. मग श्रीधरच्या हातातली मिशी घेऊन नालीत टाकली.

"नवी सून होतो तवा माहं तोंड याच्याहून मोठं होतं," ती म्हणाली. "मले कोणी कागद नाही देला."

चिंधी तिनं बडग्याच्या मनगटाला बांधली, चांगल्या दोन गाठी मारून. पोरांनी बडग्या खांद्यावर घेतला आणि त्या गल्लीचा बडग्या पहिल्यांदा बिनमिशीचा निघाला. पाठीमागं जयवंता होती, आणि पीडा घेऊन जा म्हणून घसा बसेपर्यंत ओरडत होती.

संध्याकाळी तो जळाला. घरी येऊन जयवंतानं हातपाय धुतले आणि तिला सपाटून भूक लागली. उन्हाळ्यापासून अशी भूक लागली नव्हती. हलकं हलकं वाटत होतं. पहिल्यांदाच तिनं न विचारता दुसरी भाकर घेतली, वर ठेचाही घेतला.

तुळसाबाईचं तोंड काही बंद झालं नाही, असं कोणाचं होतं का! दुसऱ्या दिवशी सकाळीच वरणात मीठ जास्त झालं म्हणून ती सुरू झाली. मीठ तुम्हीच टाकलं, असं जयवंतानं चुलीपासूनच मोठ्यानं सांगितलं. तुळसाबाई चाट पडली, मग वरणात पाणी ओतून जेवली.

दुपारी रद्दीवाला आला. तुळसाबाईनं त्याला दारातूनच परत लावलं. मग पेपरचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या खाटेखाली सरकवून ठेवला.