चार वाजता रात्र

नोंदवही, पान ३१.
रातकिडे, डबे सहा.
उजेड: सकाळी आठ ते दुपारी चार.
अपेक्षा: आखूड पंख. निघाले: लांब.
बिघाडाचे कारण: सफाईच्या वेळी दिवा लावला गेला.

शेवटची ओळ तिची; प्रयोगशाळेतल्या नोंदी तीच ठेवायची. लिहिताना तिनं कुणाला विचारलं नव्हतं. किड्यांच्या खोलीत झाडणाऱ्या मामांशिवाय दुसरं जातं तरी कोण?

सरांनी ती वाचली आणि मामांना उद्यापासून फाटकावर बसायला सांगितलं.

"सर, झाडायला फार तर दहा मिनिटं. तेवढ्यानं पंख वाढतात?" तिनं विचारलं.

"पाचही पुरतात. त्यांच्या रात्रीत उजेड पडला की त्यांना वाटतं, दिवस मोठा झालाय. अंग त्या हिशोबानं वाढतं. चार महिने गेले की नाही पाण्यात?"

सर गेले.

पाच मिनिटं.

रोज सहाला, घरी निघताना, ती आतल्या खोलीत डोकावायची. पिल्लं कात टाकताना बघायला तिला आवडायचं. मोबाइलचा उजेड तो काय उजेड. बाहेर तेव्हा ऊन असायचं. आत रात्र होऊन दोन तास झालेले असायचे.

साडेचारला मामा झाडू घेऊन आले.

"शेवटचं झाडून घेतो, ताई. या किड्यांची सवय झाली होती. माझं ऐकून तरी घेतात. घरी कोण ऐकतंय?"

स्वतःच हसले आणि काळा पडदा सारून आत गेले.

आत्ता सांगायचं. आत्ताच. नोंदवही छातीशी धरून ती मागोमाग आत शिरली. पडदा पाठीमागे पडला.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

त्या अंधारात झाडू चालला होता. सावकाश, एका लयीत. कपाटाला वळसा घालून, टेबलाखालून, थेट कोपऱ्यापर्यंत. कुठे अडखळत नव्हता.

तिचा हात सवयीनं मोबाइलकडे गेला. तिथेच थिजला.

"मामा," ती म्हणाली.

झाडू थांबला.

"डाव्या हाताला स्टूल आहे, ताई. जपून."