कलम नऊ

साहेबांनी करार तिच्यासमोर सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन वर ठेवलं. सही कुठे करायची तिथे आधीच पेन्सिलीने फुली मारलेली होती.

“कर,” साहेब म्हणाले. “तीन वाजलेत. मला अर्ध्या तासात बाहेर पडायचंय.”

चिंगीने पेन उचललं. शाळा संपून दोन महिने झाले होते आणि ते दोन्ही महिने घरात हाच एक विषय होता. अकाउंटंट व्हायचं हे नक्की, पण कुठल्या रस्त्याने? एक रस्ता हा, साहेबांच्या ऑफिसातला. उद्यापासून उमेदवारी, दिवसभर काम, पहाटे अभ्यास, आणि परीक्षा एकेक करून द्यायच्या. दुसरा कॉलेजचा. तीन वर्षं पदवी, मग कुठेतरी उमेदवारी. कॉलेजचा भरलेला फॉर्म तिच्या पिशवीत होता, आईने सकाळी बळेच कोंबलेला. तिथली प्रवेशाची खिडकी आज चारला बंद होणार होती. दोन्ही डगरींवर हात ठेवायचे दिवस संपले होते.

तिचं मन मात्र या खोलीतच होतं. बाबा सत्तावीस वर्षं याच ऑफिसात होते. परीक्षा काही त्यांना जमली नाही, असं घरात म्हणत. मामा तर चार माणसं जमली की हमखास म्हणायचा, “दाजींचे आकडे सगळ्यांशी जुळतात, फक्त परीक्षकांशी जुळत नाहीत!” सगळे हसायचे, बाबाही हसायचे. चिंगीला त्या हसण्याची चीड होती. बाबांना नाही जमलं ते आपण इथेच बसून करून दाखवायचं, मग मामाचं तोंड आपोआप बंद होईल, असा तिचा सरळ हिशेब होता.

“आधी वाचू का?” तिने विचारलं.

“वाचायचंय काय त्यात? भाऊंनी तपासलाय.”

ऑफिसात बाबांना सगळे भाऊ म्हणत. ते तिच्या खुर्चीमागेच उभे होते. आणि खरंच, प्रत्येक कलमाशेजारी त्यांची हिरव्या पेन्सिलीची खूण होती. ती खूण म्हणजे ‘मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय’. भाऊंची खूण दिसली की साहेब पुन्हा तो कागद बघत नसत.

तरी तिने वाचायला घेतलं. ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय बाबांनीच लावलेली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. नवव्या कलमावर बोट थांबलं. ‘उमेदवाराने परीक्षेस केव्हा बसावे, हे कार्यालयाच्या कामाची सोय पाहून ठरविले जाईल.’ शेजारी हिरवी खूण.

“बाबा, हे वाचलंत तुम्ही?”

“अगं, सगळं तपासलंय. जुन्या कराराशी ओळ न् ओळ ताडून पाहिलीय. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही.”

“जुना करार कुणाचा?”

“माझाच की,” बाबा म्हणाले.

चिंगीने मागे वळून पाहिलं. “बाबा, तुम्ही परीक्षेला किती वेळा बसलात?”

उत्तर साहेबांनी दिलं, तेही अगदी कौतुकाने. “भाऊ आणि परीक्षा! अगं, यांना सोडणार कोण? परीक्षा यायची ती नेमकी कामाच्या धबडग्यात. हे गेले असते तर ऑफिसला टाळं लावावं लागलं असतं. पुढच्या वर्षी बसा, पुढच्या वर्षी बसा, असं करता करता राहून गेलं. कधी तक्रार नाही हो! सोन्यासारखा माणूस.”

नापास व्हायलासुद्धा आधी परीक्षेला बसावं लागतं. चिंगीला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. तिने पेन खाली ठेवलं.

“हे कलम काढा साहेब. मग सही करते.”

साहेबांचा चेहरा बदलला. “एका मुलीसाठी नियम बदलत नसतात. भाऊ, समजवा हिला. तुमच्या शब्दाखातर जागा ठेवलीय मी. बाहेर तिघं वाट बघतायत.”

बाबांनी वाकून करार स्वतःकडे ओढला. आता ते आपल्याला सही करायला लावणार, असं तिला वाटलं, आणि त्यांनी सांगितलं असतं तर तिने केलीही असती. बाबांनी खिशातली पेन्सिल काढली. त्या ऑफिसात लावलेली खूण खोडायची नसे. चुकली तर तिच्याभोवती गोल काढून शेजारी आद्याक्षरं घालायची. बाबांनी नवव्या कलमाच्या खुणेभोवती गोल काढला. गोल वाकडा आला. मग त्यांनी आद्याक्षरं घातली आणि तारीख लिहिली.

“हे काय भाऊ?”

“चूक होती साहेब. सत्तावीस वर्षांपूर्वीची. आत्ता सापडली.”

“जागा जाईल हिची.”

“जाऊ द्या.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि बाबांकडे असं पाहिलं, जसं अनोळखी माणसाकडे पाहावं. बाबांना घाम फुटला होता. तरी ते चिंगीला दारापर्यंत सोडायला आले. “पळ. चौकातून बस घे, पावणेचारला पोचशील.”

“तुम्ही?”

“मला काम आहे.” त्यांनी आत एकदा नजर टाकली आणि साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “तिथे खिडकीवर एक विचारून ये. वयाची काही अट असते का म्हणावं.”